धोंड्याच्या महिन्यात संप

२ जून, मंगळवार

आणि यांना संप करायला आजचाच दिवस सापडला! वर्षाचे बारा महिने असतात, यंदा तर तेरावाही आहे, पण नाही, आजच. मी विमानातून उतरते काय आणि यांचे रेल्वेवाले पिवळी जाकिटं घालून शिट्ट्या फुंकत उभे राहतात काय. हातात कॉफीचे पेले, एकमेकांशी हसणं-खिदळणं. संपात कोणी हसतं का? आपल्या एसटीचा संप झाला तेव्हा आमच्या शेजारचा कंडक्टर दाढी वाढवून नाशिकच्या सीबीएस स्टँडवर बसला होता, त्याच्याकडे बघून पोटात तुटायचं. हे लोक लग्नाला आल्यासारखे उभे.

फलाटावरच्या मोठ्या पाटीवर सगळ्या गाड्यांपुढे एकच शब्द लाल अक्षरात लिहिलेला. माझ्याबरोबरच्या विहीणबाई म्हणाल्या, "आज समद्या गाड्या एकाच गावाला चालल्यात वाटतं." मी म्हटलं, "हो, त्या गावाचं नाव 'बंद'."

माझी दीपमाला या जर्मनीत नर्स आहे. तीन वर्षं झाली. मध्ये लग्नापुरती आली, अंगाची हळद निघायच्या आत परत. जावई ज्ञानेश घोटीचे, तिच्या मागोमाग इकडे आले, तिच्या गावात बस चालवतात. लग्नानंतरचा हा पहिला धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारसे आणि दिवा द्यायचा. पण त्यांना सुट्टी नाही. म्हटलं, तुम्ही येत नाही तर धोंडाच तिकडे आणते. जावयांनी माझं आणि त्यांच्या आईचं तिकीट एकदमच काढलं. म्हणजे यशोदाबाई माझ्याबरोबर. मुलीच्या आईने विहिणीबरोबर एवढा प्रवास करणं म्हणजे नव्या चपला घालून गड चढणं. त्या हळू. पाणी पितानाही घोट मोजतात. मी बाजारात फुलं विकणारी बाई, मला थांबणं माहीत नाही.

दीपूचा फोन आला. "आई, तीन दिवसांचा संप आहे. तिथून हलू नका."

"मी एखादी काळी-पिवळी बघते."

"इथे काळी-पिवळी नसते आई."

"एवढ्या मोठ्या देशात एक जीप नाही? मग तू ये घ्यायला."

"हॉस्पिटलला लांबून येणाऱ्या नर्सेस अडकल्यात. त्यांची पण ड्युटी मलाच आहे."

मग जावई फोनवर आले. "मामी, आमच्या बसपण बंद आहेत. मी स्वतः संपातच आहे."

जावयाला काय बोलणार? फोन ठेवल्यावर विहिणीला बोलले. "तुमचा पोरगा ड्रायव्हर आणि त्याची सासू रस्त्यावर."

त्या म्हणाल्या, "एकल्याने गाडी काढली तर बाकीचे काय म्हनतील? सगळ्यांबरोबर ऱ्हावं लागतं, विहीणबाई." रस्त्यावर त्याची आईपण बसली आहे हे त्यांच्या ध्यानातच नाही.

दीपूने फोनवरूनच स्टेशनजवळ लॉजात खोली घेऊन दिली. खाली दारात दोन बायका नटून उभ्या होत्या. विहीणबाईंनी विचारलं, "ह्या पन गाडीची वाट बघत्यात का?" मी म्हटलं, "हो." काय सांगणार?

३ जून, बुधवार

ही डायरी माझ्या पुतणीने, शुभांगीने, दिली. "काकू, रोजचं लिहा, आल्यावर आम्हाला वाचून दाखवा." वाचून कोणाला दाखवणार नाही. चौथी शिकलेय, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. पण खोलीत दुसरं काय करू? खिडकीतून ट्रामचे रूळ दिसतात, त्यावर कबुतरं चालतात.

आता खरं लिहून टाकते. धोंडा हे निमित्त आहे. म्हणजे धोंडाही खराच, पण मी विचारायला आलेय. नाशिकजवळ मखमलाबादला आमची रस्त्याकडची जागा आहे, विहिरीच्या अलीकडची. ती मी दीपूच्या घरासाठी ठेवलीय. जाताना ती म्हणाली होती, "दोन वर्षं आई, मग परत." एकच लेक आहे मला. दोनाची तीन झाली. शेजारच्या केरूनानांचा लॉन्स चालतो, लग्नसराईत आम्हाला झोप नसते त्या डीजेने. त्यांना ती जागा वाढवायला पाहिजे. आमचे हे (नाव बहिरू, तोंडाने घेत नाही, लिहायला काय जातंय) म्हणाले, "जातेस तर विचारून ये. येणार असेल तर ठेवू. नसेल तर देऊन टाकू. मला दर दसऱ्याला, घराच्या मुहूर्ताला, ते रिकामं कुंपण बघवत नाही." फोनवर विचारायचं नाही, समोर बसून विचारायचं, असं ठरवून मी आले. आणि बसलेय कुठे, तर लॉजात.

दुपारी तीनला ड्युटी सुटल्यावर दीपूचा फोन आला. नाशिकला असताना तिचा फोन यायचा तेव्हा माझा स्वयंपाक चालू असायचा. "जेवलीस का? बरी आहेस ना? ठेवते." संपलं. आज ती घरी पोचेपर्यंत बोलत राहिली. बस बंद म्हणून चालत जात होती. झाडं सांगत होती, हे झाड, ते झाड, एका अंगणात आपल्यासारखा झेंडू लावलाय पण बुटका. मी म्हटलं खत जास्त झालं असेल. ती म्हणाली, "आई, तू आणि मी एकाच घड्याळात आहोत आत्ता." मला आधी कळलं नाही. मग कळलं. तिला दुपार आणि मलाही दुपार.

५ जून, शुक्रवार

संप वाढवला. सोमवारपर्यंत.

आणि आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. दीपूने लांबच्या गाडीची, लक्झरीसारखी असते तशी, दोन तिकिटं मिळवली. कशी मिळवली तिलाच माहीत, सगळी गर्दी त्याच गाड्यांवर. आम्ही सकाळीच पिशव्या घेऊन थांब्यावर. पाटी होती, बाक होता. बसलो. मी आपली रस्त्याच्या डाव्या अंगाला, जन्मभर जिथे बसची वाट पाहिली तिथे. गाडी आली ती समोरच्या अंगाला! हे लोक उजवीकडून गाडी हाकतात. कोणी सांगितलंच नाही. मी ओरडले, "ओ दादा! थांबा! ओ!" मध्ये रस्ता, सिग्नल लाल. मी निघालेच होते पळत, विहीणबाईंनी पदर धरून ठेवला. "मेलात तर धोंडा कोन करील?" गाडी आमच्या डोळ्यांसमोरून गेली. ड्रायव्हरने वेळेच्या आधीही नाही, नंतरही नाही, बरोब्बर वेळेला काढली. असल्या माणसाला काय शिव्या घालायच्या?

मग विहिणीवरच घसरले. "तुम्ही पदर सोडला असता तर पोचले असते!"

त्या बाकावर बसून म्हणाल्या, "एकल्याच पोचला असता. मला हितंच ठेवून."

खरंच की. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दीपूला तीनला सांगितलं. ती आधी एवढी हसली, एवढी हसली की तिला रस्त्यात थांबावं लागलं. मग रडायला लागली. मी म्हटलं, "गाडी माझी गेली, तू कशाला रडतेस?" म्हणाली, "लहानपणी निमाणीच्या स्टँडवर तू मला अशीच पळवायचीस बसमागे." मग निमाणीवरून जी निघाली ती कुठल्या कुठे. पाटात पडली होती ते, कुत्र्याला तिने कुंकू लावलं होतं ते, माझी वेणी घालायला बसली आणि गुंता करून ठेवला ते. मला वाटलं होतं हे सगळं ती विसरली. फोन गरम झाला तरी कानावरून काढला नाही.

६ जून, शनिवार

इथे पावाला वरून खसखस लावतात! आख्खी थापलेली. मी दुकानात बोट दाखवून पाव घेतला आणि उजेडात धरून पाहिला. खसखसच, पण काळी. माझ्या बॅगेतली पांढरी खसखस शुभांगीने काढून टाकली होती. वाटेत ज्या देशात विमान बदललं तिथे खसखशीला अफू समजून आत टाकतात म्हणे. विमानात मला तीच चिंता, की अनारसे कशावर थापू? अनारशाचं पीठ तांब्यात घट्ट बांधून आणलंय. तांदूळ घोटीचा, विहीणबाईंच्या घरचा. तो बघून मी म्हटलं होतं, "मुलाकडच्यांचा तांदूळ आणि मुलाचाच धोंडा, हे कुठल्या गावचं?" त्या म्हणाल्या, "तांदूळ आमचा, हात तुमचा. जाळी पडली तर दोघींचं नाव, न्हाय पडली तर तुमचं." आहेत त्या तशा. हळूच बोलतात, पण लागेल असं.

७ जून, रविवार

दीपूची परीक्षा आहे येत्या शनिवारी. म्हणाली, "आई, मी प्रश्न म्हणते, तू नुसती ऐक. कोणी ऐकत असलं की पाठ होतं." शाळेतही मी फुलं ओवायची आणि ती धडा म्हणायची. एक ओळ त्यांच्या भाषेत, मग माझ्यासाठी मराठीत. झेंड्याचे रंग कोणते. मोठा पुढारी कोण निवडतो. शेजाऱ्याने फार आवाज केला तर काय करायचं. भिंत कोणत्या साली पडली.

"कोणाची भिंत?"

"होती आई इथे एक."

"पडली तर पडली. नर्सला काय करायचंय त्याचं? इंजेक्शनचं काही विचारत नाहीत का?"

"असतं आई असं इकडे. तीनशेच्या वर पाठ करायचे, त्यातले तेहतीस विचारतात."

मी म्हटलं, "बघ, माझे अनारसेही तेहतीस!" मला वाटलं हसेल. नाही हसली.

विहीणबाई खिडकीशी जपमाळ घेऊन बसल्या होत्या. फोन झाल्यावर मी म्हटलं, "पोरगी मोठी नर्स होणार आमची. मग नाशिकला कुठलंही हॉस्पिटल घेईल तिला. काय हो, ज्ञानेशराव काही बोलले का तुमच्याजवळ, कधीपर्यंत परत यायचं म्हणतात?" त्यांनी पिशवीतून दशमी काढली, तुकडा मोडला आणि तोंडात घातला. अधिकात त्या मौनाने जेवतात. घास तोंडात गेला की हात धुवेपर्यंत शब्द नाही. जेवायची वेळ नव्हती खरं तर. पण व्रताच्या माणसाला काय म्हणणार.

८ जून, सोमवार

संप मिटला. उद्या सकाळी पहिली गाडी. विहीणबाईंनी बॅगेला हळद-कुंकू लावलं. मला आनंद व्हायला पाहिजे. झालाच. पण तीनचा फोन आला तेव्हा दीपू म्हणाली, "आज बस सुरू झाली आई, मी दोन मिनिटांत घरी. उद्या भेटतोच ना." आणि ठेवला.

९ जून, मंगळवार

गाडी चांगली. खिडकीतून एका ठिकाणी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रासारख्या जाड चिमण्या दिसल्या, धूर सोडत. एकदम वाटलं आता नाशिकरोड येणार आणि रिक्षावाले पिशव्या ओढणार.

दीपू फलाटावर होती. वाळलीय. केस कापलेत खांद्यापर्यंत, फोनमध्ये मागे बांधलेले असायचे म्हणून कळलं नव्हतं. मी ठरवलं होतं, आल्या आल्या बोलायचं नाही, आधी बघून घ्यायचं. पण तिने मिठी मारली आणि मला तिच्या डोक्याला साबणाचा वास आला, आपल्याकडचा नाही. मी म्हटलं, "तेल लावत नाहीस ना?" हेच पहिलं वाक्य निघालं माझ्या तोंडून. एवढा समुद्र ओलांडून.

११ जून, गुरुवार, एकादशी

इथलं घर बघा. भाड्याचं आहे आणि स्वयंपाकघरात काही नसतं म्हणे! भिंती तेवढ्या. ओटा, कपाटं, शेगडी, मोरी, सगळं भाडेकरूने स्वतःचं बसवायचं. दीपूने कर्ज काढून बसवलंय. पांढरंशुभ्र, हात लावायची भीती. मी म्हटलं, "येडी का काय तू? निघताना उखडून नेणार का हे?"

जावई पटकन म्हणाले, "वॉरंटी दहा वर्षांची आहे मामी."

"दहा वर्षांची वॉरंटी घेऊन काय करायचंय? राहायचं किती!"

दीपू म्हणाली, "आई, भगर झाली का बघ."

ज्ञानेशराव माणूस चांगला. संपाबद्दल मी त्यांना अखेर विचारलंच. म्हणाले, "मामी, एका ड्रायव्हरने सलग किती तास चालवायचं, त्यावर भांडण होतं. मी नवीन आहे, बाहेरचा आहे, मी नसतो उभा राहिलो तरी चाललं असतं. पण मग मी बाहेरचाच राहिलो असतो." मी म्हटलं, "बाहेरचेच आहात की." ते हसले. त्यांच्या आईने मान खाली घातली.

दीपू घरात असून नसते. सकाळी ड्युटी, दुपारी आली की झोप, उठली की ती प्रश्नांची पुस्तिका. आता मला म्हणून दाखवत नाही. कानात ते बोंडूक घालून स्वतःशीच पुटपुटते. तीन वाजले की माझा हात आपोआप फोनकडे जातो. मग आठवतं, ती शेजारच्या खोलीत आहे. झोपलीय.

लॉजात बरी होते, असं लिहिलं तर देव कोपेल. पण लिहिते.

१४ जून, रविवार

धोंडा झाला. उद्या अमावस्या, अधिक संपतो. आजच करून घेतलं, उद्या दोघांची ड्युटी.

त्यांच्या शेगडीला आग नाही. काच आहे. मी नाशिकहून ओझं करून आणलेली हिंडालियमची कढई तिच्यावर ठेवली तर काच ढिम्म. चांगली अर्धा तास बघत उभी राहिले, तूप थिजलेलंच. दीपूने सांगितलं, "आई, या शेगडीला ते भांडं चालत नाही." मग तिच्या जड कढईत तूप घातलं. पहिले दोन अनारसे हसले, तुपात विरघळून चाळणीला चिकटले. विहीणबाई मागून म्हणाल्या, "तांदूळ न्हाय बरं त्यो, हात."

"हात नाही, शेगडी!" मी म्हटलं. तिसऱ्याला जाळी पडली. अशी पडली की उजेडात धरला तर पलीकडची खिडकी दिसावी. काळी खसखस पांढऱ्या जाळीवर. दिसायला आपल्यासारखे नाहीत, पण विहीणबाई म्हणाल्या, "नजर लागायची न्हाय यांना."

जावयांना पाटावर बसवलं. पाट नव्हता, चटईवर. ताटाभोवती दीपूने रांगोळीऐवजी खडूने रेघ काढली. पुरणाचे धोंडे वाढले, तेहतीस अनारसे तबकात, वर दिवा. जावई वाकून पाया पडले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मी म्हटलं, "उठा, पुरण गार होतंय." उठले तेव्हा डोळे ओले. म्हणाले, "मामी, आता दर धोंड्याच्या महिन्याला तुम्हीच यायचं इकडे."

"दर तीन वर्षांनी? तोवर तुम्ही नाशिकला असाल की."

दीपूने त्यांच्या पुरणावर तूप वाढलं. आधीच वाढलेलं होतं, तरी परत वाढलं, ताटात ओघळ गेला.

काल ती परीक्षा चांगली गेली म्हणाली. संध्याकाळी जावयांनी केक आणला, त्यावर एक छोटा झेंडा खोचलेला, काळा-लाल-पिवळा. कापडी होता. मी धुऊन पुसून ठेवला, कशाला टाकायचा. दीपूने तो माझ्या हातातून घेऊन कपाटात आत ठेवला.

आज विचारायचं होतं. सगळे जेवायला बसले होते, तोंडं गोड होती. विचारायला गेले आणि म्हटलं, "मीठ बरोबर आहे ना?" बाजारात मी पोलिसाशी भांडते. पोटच्या पोरीपुढे मला काय झालंय कळत नाही.

१९ जून, शुक्रवार

उद्या विमान. दीपू स्टेशनवर सोडायला आली. आज संप नव्हता. मी पाटीकडे दोनदा बघितलं, एखादा लाल शब्द दिसतो का. सगळ्या गाड्या वेळेवर.

गाडी यायच्या आधी मी विचारलं. एका दमात. "रस्त्याकडची जागा ठेवू का देऊ? तू येणार का नाही?"

तिने माझा हात धरला. म्हणाली, "आई, फोनवर बोलू ना आपण. आत्ता नको, गाडी येतेय."

समोर उभी आहे आणि म्हणते फोनवर बोलू! मी तिला बोलणार होते. पण तिचा हात गार होता आणि गाडी आलीच. या देशात गाड्या येऊ नयेत तेव्हा बरोब्बर येतात.

गाडीत विहीणबाईंनी मला पाणी दिलं. मी घोट मोजून प्यायले.

२२ जून, सोमवार, मखमलाबाद

घरी. झेंडूची रोपं वाफ्यात चार बोटं झालीत. ह्यांनी एकट्याने पाणी धरलं, पाय सुजलेत. घरात आल्या आल्या म्हणाले, "काय म्हणाली?"

मी म्हटलं, "फोनवर बोलू म्हणाली."

ते उठून गायीकडे गेले.

इथे तीन वाजतात तेव्हा तिथे साडेअकरा. ती वॉर्डात असते. तिचे तीन वाजतात तेव्हा आमचे साडेसहा, मी वेणीची फुलं निवडत असते. मी आता फुलं दुपारीच निवडून ठेवते, साडेसहाला हात मोकळे राहावेत म्हणून. फोन आला का? आला, काल. "पोचलीस ना नीट? जेवलीस का? ठेवते आई, बस आली."

मेली ती बस.

२८ जून, रविवार

केरूनाना चहाला आले. खुर्चीत बसायच्या आधीच कुंपणाकडे नजर. "वहिनी, पुढच्या रविवारी, पाच तारखेला, कागद करून टाकू. माझं मांडवाचं काम खोळंबलंय. नसेल द्यायची तर तसं सांगा, मी पलीकडची बघतो. पण लटकवू नका राव." माणूस खोटं बोलत नव्हता. लटकवलंच आहे मी.

ते गेल्यावर घोटीला फोन लावला. अधिक संपलाय, विहिणीचं मौन सुटलंय, आता घास तोंडात घालून पळता येणार नाही.

"विहीणबाई, तुम्हाला ज्ञानेशराव काही बोलले असतील. खरं सांगा."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. त्यांना हुसकावून म्हणाल्या, "जागा देऊन टाका, विहीणबाई."

"म्हणजे काय? काय बोलले ते?"

"मला काय न्हाय म्हाईत. म्या माझ्या पोराचं कपाट रिकामं केलं काल. त्याची कापडं वाटून टाकली. एवढंच सांगते."

मला राग आला. कपडे वाटून टाकतात का कोणी? पोरगा दिवाळीला आला तर काय घालील? मी म्हटलं, "तुमचं तुम्ही बघा, माझी पोरगी मला स्वतः सांगेल." आणि फोन ठेवला. मग वाटलं, एवढं तोडून बोलायला नको होतं. बाई रस्त्यात माझा पदर धरून उभी राहिली होती.

कुंपणापाशी जाऊन आले. तार गंजलीय. आत गवत गुडघाभर. मधोमध एक पेरूचं झाड आपोआप आलंय, पक्ष्यांनी बी टाकलं असेल. कोणी लावलं नाही, कोणी पाणी घातलं नाही, चांगलं माजलंय.

२ जुलै, गुरुवार

जावयांनी फोनवर फोटो टाकलाय, पिवळं जाकीट, शिट्टी. म्हणजे परत संप. शुभांगीने वाचून सांगितलं, शुक्रवार-शनिवार बस बंद.

मला आनंद झाला. देवा शप्पथ झाला. तिथले लोक स्टेशनवर ताटकळतील, कोणाची आई कुठे अडकेल, हे सगळं कळतंय मला, मी स्वतः भोगलंय. तरी झाला.

शुभांगीकडून शिकून दीपूला आवाज पाठवला. तो बटणाला बोट दाबून धरून बोलायचा असतो, बोट सुटलं की तुटतं. दोनदा तुटलं. तिसऱ्यांदा म्हटलं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर मी नाही म्हणाले असं होणार नाही.

"दीपू, आई बोलतेय. शनिवारी तुमच्याकडे बस नाही. तीनला सुटशील तेव्हा तुला चालत जावं लागेल, त्या झेंडूवाल्या अंगणावरून. तेवढ्या वाटेत मला फोन कर. तू कर, ज्ञानेशरावांना करायला लावू नकोस. घरी पोचायच्या आत सांग, येणार का नाही. नाही म्हणालीस तर मी ओरडणार नाही, माझे हात मोकळे ठेवलेत, नुसती ऐकेन. रविवारी सकाळी केरूनाना कागद घेऊन येणार, त्यांना मला काहीतरी एक सांगायचंय. शनिवारपर्यंत वाट बघते. शनिवारी, तुझे तीन, माझे साडेसहा. हळू चाल, पण सांग."